आडनाव, स्वल्पविराम, नाव

माझ्या उत्पन्नाचा मोठा भाग अनुवादातून येत नाही, हे सांगायची मला आता लाज वाटत नाही. अनुवादातून मिळतो तो मान, आणि तोही अधूनमधून. घरभाडं निघतं ते दुसऱ्यांच्या शोधनिबंधांच्या शेवटच्या पाच-सहा पानांतून. बेंगळूरुत संस्था पुष्कळ, विद्यापीठं पुष्कळ, आणि छापून आल्याशिवाय ज्यांची बढती अडते असे प्राध्यापक त्याहून पुष्कळ. निबंध लिहून होतो, मग कुणीतरी नियतकालिकाचं नियमपत्रक उघडून बघतं, आणि रात्री अकराच्या सुमारास मला मेल येते : ‘मॅडम, रेफरन्सेस तेवढे बघाल का?’

‘तेवढे’ म्हणजे साधारण साठ ते दीडशे नोंदी. प्रत्येकीत लेखकाचं नाव कसं उलटवायचं, वर्ष कंसात की शेवटी, शीर्षक तिरप्या अक्षरांत की अवतरणचिन्हांत, स्वल्पविराम आत की बाहेर. मानसशास्त्रवाल्यांची एपीए पद्धत वेगळी, भाषा-साहित्यवाल्यांची एमएलए वेगळी, शिकागोच्या तर एका पुस्तकात दोन पद्धती. एपीएची सातवी आवृत्ती २०१९ साली आली, एमएलएची नववी २०२१ मध्ये, शिकागोची अठरावी २०२४ मध्ये, आणि दर आवृत्तीला काहीतरी सरकतं. झोटेरोसारखं फुकट सॉफ्टवेअर २००६ पासून आहे आणि ते निम्मं काम चोख करतं. उरलेलं निम्मं काम म्हणजे सॉफ्टवेअरला जे कळत नाही ते. मराठी आणि कन्नड पुस्तकांच्या बाबतीत ते निम्म्याहून बरंच जास्त भरतं.

हे काम मला आवडतं. तौलनिक साहित्यात एम.ए. करताना आम्हांला तळटीपा वाचायची खोड लावली गेली होती. एखाद्या मराठी संशोधनग्रंथात ‘तत्रैव’, ‘तत्रैव’, ‘उनि’ अशी उतरंड दिसली की लेखक त्या दिवशी एकाच पुस्तकाला चिकटून बसला होता हे समजायचं. ‘तत्रैव’ला इंग्रजीत जो लॅटिन जोडीदार आहे, त्याला शिकागोने २०१७ च्या आवृत्तीत जवळजवळ निरोप दिला. मराठीने अजून दिलेला नाही. देऊ नये, असं मला वाटतं.

गेल्या पावसाळ्यात आलेलं हस्तलिखित एका तरुण कन्नड प्राध्यापकाचं होतं. विषय : कन्नड कादंबऱ्या मराठीत येताना त्यांच्या भाषेचं काय होतं. मी मूळची सोलापूरची, घरात मराठी, दारात कन्नड आणि तेलुगू, त्यामुळे विषय माझ्या जिव्हाळ्याचा. नियतकालिक परदेशी, पद्धत शिकागोची लेखक-वर्ष, लिपी फक्त रोमन. नोंदी चौऱ्याहत्तर.

पहिली अडचण नावांची. ‘आडनाव, स्वल्पविराम, नाव’ हा साचा ज्यांनी बनवला त्यांच्या गावात प्रत्येकाला आडनाव होतं. कर्नाटकात, विशेषतः जुन्या म्हैसूरच्या भागात, ते असेलच असं नाही. एस. एल. भैरप्पा यांच्यातलं ‘एस’ म्हणजे संतेशिवर हे गाव, ‘एल’ म्हणजे लिंगण्णय्या हे वडील, आणि भैरप्पा हे त्यांचं स्वतःचं नाव. सॉफ्टवेअर ते उलटवून ‘भैरप्पा, एस. एल.’ असं लिहितं. दिसायला बरोबर, कारण चूक. यू. आर. अनंतमूर्तींच्या बाबतीत हा योगायोगसुद्धा टिकत नाही. काही इंग्रजी पुस्तकांवर त्यांचं नाव दोन शब्दांत तोडून छापलेलं आहे, म्हणून यादीत ते कधी ‘अ’ मध्ये असतात तर कधी ‘मूर्ती’ होऊन भलतीकडेच. बेंद्र्यांना आडनाव आहे, घरची भाषाही मराठी होती. पण कविता त्यांनी ‘अंबिकातनयदत्त’ या नावाने लिहिली. अंबिकेचा मुलगा दत्त. म्हणजे आईच्या नावाने स्वतःची ओळख सांगणारा कवी. या नावाचे तुकडे करायला कुठलीच जागा नाही. झोटेरोत अशा वेळी नावाचे दोन रकाने एकत्र करायची सोय आहे. ती मुळात संस्थांच्या नावांसाठी. नगरपालिका आणि अंबिकातनयदत्त एकाच बटणाने सुटतात.

प्राध्यापकाला मी नावांबद्दल विचारायला फोन केला, तेव्हा त्याने स्वतःचंच गाऱ्हाणं काढलं. त्याच्या नावाच्या पुढे दोन आद्याक्षरं आहेत, एक हासन जिल्ह्यातल्या गावाचं, एक वडिलांचं. निबंध पाठवताना ऑनलाइन अर्जात ‘आडनाव’ हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पहिल्यांदा त्याने तिथे वडिलांचं आद्याक्षर टाकलं, दुसऱ्यांदा स्वतःचं नाव. आता संगणकाच्या लेखी ती दोन माणसं आहेत. एकाचं आडनाव एका अक्षराचं.

‘माझ्या निबंधांचे उल्लेख किती झाले हे बढतीच्या फायलीत दाखवायचं असतं, मॅडम. अर्धे त्याच्या नावावर आहेत.’

‘त्याच्या म्हणजे?’

‘त्या एका अक्षरवाल्याच्या.’

तो हसला, पण फाइल दोनदा परत आली होती. शेवटी त्याने ऑर्किडचा क्रमांक घेतला. २०१२ पासून ही सोय आहे : जगातल्या कुठल्याही संशोधकाला सोळा आकडी ओळख. आकड्यांना आडनाव लागत नाही.

आपण मराठी लोक या बाबतीत सुखी आहोत असं मला पूर्वी वाटायचं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव : युरोपी साच्यात आपण अलगद बसतो. बसतात ते पुरुष. मागच्याच वर्षी १९३० च्या दशकातल्या स्त्रियांच्या लेखनावर एक निबंध आला होता, त्यात तीन नोंदी होत्या : खरे, शिरूरकर, बेडेकर. तीन अक्षरांखाली तीन बायका. माहीत नसलेल्याला काय कळणार की बाळूताई खरे, विभावरी शिरूरकर आणि मालती बेडेकर ही एकच बाई? पहिलं माहेरचं नाव, तिसरं लग्नानंतरचं, आणि मधलं तिने स्वतः निवडलेलं, ज्याने १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झालं आणि ही विभावरी कोण म्हणून महाराष्ट्रात गदारोळ उठला. नियम सांगतात त्याचे दोन मार्ग. पुस्तकावर छापलंय तेच लिहा. किंवा सगळं एका नावाखाली आणा आणि बाकीची नावं कंसात टाका. दुसरा मार्ग वाचकाच्या सोयीचा. पण त्या पुस्तकापुरती जी बाई नाव झाकून उभी राहिली, तिचा पदर सूचीकाराने ओढायचा का? मी तीन नोंदी वेगळ्याच ठेवल्या आणि प्रत्येकीपुढे ‘पाहा’ म्हणून दुसरीकडे बोट दाखवलं. ‘पाहा’ ही ग्रंथालयातली जुनी रीत. संपादकांनी कुरकुर केली, मग चालवून घेतलं.

अशा वेळी मला शं. ग. दाते आठवतात. १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची करणारा माणूस. टोपणनावं, अनाम पुस्तकं, पहिलं पान फाटलेली पुस्तकं, नुसता शक छापलेली पुस्तकं हे सगळं त्यांच्या वाटेत आलंच असणार, आणि हाताशी बटण नव्हतं. मराठीत सूचीकाराला लेखक म्हणायची पद्धत नाही. मी म्हणते.

शकाचंही तसंच. जुन्या पुस्तकावर ‘शके १८१५’ असतं. त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवा, १८९३ आलं. पण शक चैत्रात सुरू होतो, म्हणून पुस्तक जानेवारीत निघालं असेल तर एकोणऐंशी मिळवायचे. महिना छापलेला नसेल तर वर्ष दोन आहेत, एक नाही. ‘१८९३-९४’ लिहिलं की लेखक-वर्ष पद्धतीला वाटतं हे दोन वर्षं चाललेलं काहीतरी आहे. या बाबतीत मी हट्ट करत नाही. दोन्ही वर्षं लिहिते, शक कंसात ठेवते, आणि पुढे जाते.

गावाच्या बाबतीत मात्र हट्ट करते. एमएलएने २०१६ मध्ये प्रकाशनस्थळ काढून टाकलं, एपीएने २०१९ मध्ये, शिकागोनेही आता आधुनिक पुस्तकांना ते गरजेचं नाही म्हटलं. कारण सरळ आहे : मोठ्या प्रकाशकांच्या कचेऱ्या पाच शहरांत असतात, त्यात गाव कुठलं सांगायचं? पण ज्या पुस्तकावर धारवाड किंवा बेळगाव छापलंय, तिथे गाव ही रिकामी माहिती नसते. बेळगावात १९५० साली छापलेलं मराठी पुस्तक मुंबई राज्यात छापलेलं होतं. १ नोव्हेंबर १९५६ नंतरचं म्हैसूर राज्यात. आणि १ नोव्हेंबर २०१४ नंतर त्याच गावाचं सरकारी नाव बेळगावी. त्याच दिवशी आमचं बँगलोर बेंगळूरु झालं. पुस्तकावर जे छापलंय ते लिहायचं, आजचं नाव लिहायचं नाही, असा माझा नियम. नकाशा बदलला तरी मुखपृष्ठाच्या आतलं पान बदलत नाही. दोन भाषांमधल्या देवघेवीवर लिहिलेल्या निबंधात गावं गाळली, तर ही देवघेव कुठून कुठे झाली ते वाचकाला कसं दिसणार? हे मी प्राध्यापकाला सांगितलं, त्याने संपादकांना लिहिलं, आणि गावं राहिली.

मग लिपी. देवनागरी नाही म्हटल्यावर रोमन अक्षरांवर टिंबं आणि रेघा द्यायच्या. ही पद्धत संस्कृतसाठी घडली; १८९४ मध्ये जिनिव्हाला प्राच्यविद्या परिषदेत तिचं रूप पुष्कळसं ठरलं. तिथे मराठीचा ‘ळ’ कुणाच्या डोळ्यांपुढे नसावा. खाली टिंब दिलेला ‘एल’ हा संस्कृतातल्या ‘ऌ’साठी राखून ठेवलेला. जो स्वर आपण शाळेनंतर कधी लिहीत नाही, त्याने ‘ळ’ची जागा अडवली. २००१ च्या आंतरराष्ट्रीय मानकात ही भांडणं सोडवली, ‘ऌ’ला वेगळी खूण देऊन टिंब ‘ळ’ला मिळालं. पण सगळे ते मानक वापरत नाहीत. आणि ‘ज्ञ’? ज्ञानेश्वर एका यादीत ‘जे’ खाली, दुसरीत ‘डी’ खाली. एकाच ग्रंथालयात दोन्हीकडे शोधावं लागलेलं मी पाहिलंय.

हे सगळं मी इतक्या वर्षांत अंगवळणी पाडून घेतलं होतं. या हस्तलिखितात जे घडलं ते मात्र नवीन होतं.

नियतकालिकाच्या सहायक संपादकाकडून शंकांची यादी आली. त्यात एक ओळ अशी : अमुक आणि तमुक नोंद एकच दिसते, एक काढून टाकावी का? मी पाहिलं. एक भैरप्पांची कन्नड ‘वंशवृक्ष’, १९६५ ची. दुसरी तिचा उमा कुलकर्णी यांनी केलेला मराठी अनुवाद. शीर्षक दोन्हीकडे संस्कृत शब्द, त्यामुळे टिंबं-रेघा दिल्यावर कन्नड आणि मराठी यांत एका अक्षराचाही फरक उरला नव्हता. लेखकाचं नाव तेच. शीर्षक तेच. वर्ष वेगळं, पण ते नवी आवृत्ती म्हणून खपण्यासारखं. अनुवादकाचं नाव नोंदीच्या शेपटाला, तिथवर संपादकांची नजर गेली नव्हती. ‘पर्व’चं तेच. ‘आवरण’चं तेच.  एक नोंद काढली असती तर अनुवाद नाहीसा झाला असता.

दोन लिप्यांत ही पुस्तकं शेजारी ठेवली तर लहान मूलही सांगेल की ही दोन आहेत.

मी निबंध पुन्हा वाचायला घेतला, या वेळी फक्त कंसांसाठी. लेखक एका परिच्छेदात मराठी अनुवादातली क्रियापदं तपासतो, पात्रांच्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’बद्दल लिहितो, कन्नडमधला जवळिकीचा बारीक फरक मराठीत कुठे हलला ते दाखवतो. म्हणजे उमा कुलकर्णी यांची वाक्यं तपासतो. आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी कंसात लिहिलेलं : भैरप्पा. ज्यांनी मराठीतला तो एकही शब्द लिहिलेला नाही त्यांचं नाव. पद्धतीप्रमाणे अगदी बरोबर. लेखक-वर्ष पद्धतीत लेखक म्हणजे मूळ लेखक.

इथे माझा स्वतःचा एक हिशेब आहे, तो सांगून टाकते. काही वर्षांपूर्वी असंच एक हस्तलिखित नीट करताना एक उतारा वाचत होते आणि मला पुढचं वाक्य पाठ होतं. माझ्या एका अनुवादातला उतारा होता. कंसात मूळ लेखक, यादीत मूळ लेखक आणि प्रकाशक. माझं नाव कुठेच नाही. नियमपत्रकात अनुवादकाचं नाव द्यावं असं स्पष्ट म्हटलेलं होतं, म्हणून मी ते टाइप केलं, दर नोंदीमागे ठरलेले पंधरा रुपये लावले आणि फाइल परत पाठवली. ज्याचा निबंध होता त्याला ते कळलं नसावं. मेलवरची सही आणि यादीतलं नाव कोण ताडून बघतं?

तर यावर उपाय आहे, आणि तो नियमांच्या पुस्तकांतच आहे. चर्चा अनुवादाची असेल तर नोंद अनुवादकाच्या नावाने सुरू करता येते. एमएलए तसं उघड सांगते, शिकागोतही त्याला वाट आहे. लोक ती वाट वापरत नाहीत, कारण सॉफ्टवेअर आपणहून ती दाखवत नाही. मी प्राध्यापकाला सुचवलं. त्याने दोन दिवस घेतले, मग म्हणाला, करू या. ज्या ज्या ठिकाणी मराठी वाक्याची चर्चा आहे तिथे कंसात कुलकर्णी. जिथे कादंबरीच्या कथेची किंवा विचाराची चर्चा आहे तिथे भैरप्पा. हे वाक्यागणिक ठरवावं लागलं. तीन ठिकाणी आम्हांला ठरवताच येईना की हे कुणाचं. तिथे दोन्ही नावं दिली.

यादीचं रूप बदललं. विखुरलेल्या नोंदी उचलून ‘क’खाली आल्या आणि कुलकर्णी या नावाखाली पाऊण पान भरलं. प्राध्यापक म्हणाला, ‘मी चार वर्षं यांच्यावर काम करतोय, पण माझ्या यादीत त्या मला आज दिसल्या.’

पण प्रकरण इथे संपलं नाही, कारण उमा कुलकर्णी यांनी ‘संवादु अनुवादु’ या आत्मचरित्रात आपली कामाची रीत सांगून ठेवली आहे, आणि निबंधात तिच्यावर दोन पानं होती. पती विरूपाक्ष कुलकर्णी कन्नड मजकूर मोठ्याने वाचणार, त्या ऐकणार आणि मराठीत उतरवणार. कन्नड लिपीतून नव्हे, कन्नड आवाजातून आलेला अनुवाद. मग कानांनी आलेल्या या मजकुरातल्या वाचणाऱ्याला कुठल्या रकान्यात ठेवायचं? झोटेरोत लेखक आहे, संपादक आहे, अनुवादक आहे, चित्रपटाचा दिग्दर्शक आहे, मुलाखत घेणारा आहे. वाचून दाखवणारा नाही. सहअनुवादक म्हणावं तर पुस्तकावर तसं छापलेलं नाही, आणि छापलेलं नसताना आपण लिहिणं हा खोटेपणा. नाही म्हणावं तर ज्या गोष्टीवर निबंधाची दोन पानं उभी आहेत तीच यादीत नाही.

अशी माणसं मराठीत पूर्वीपासून आहेत. मोल्सवर्थचा कोश आपण १८३१ चा, मोल्सवर्थचा म्हणतो. त्याआधी दोन वर्षं, १८२९ मध्ये, मराठी शास्त्र्यांनी केलेला कोश निघाला होता. जगन्नाथशास्त्री क्रमवंत आणि त्यांचे सहकारी. मोल्सवर्थच्या कोशामागेही अशा पंडितांचे श्रम आहेत. सूचीत मोल्सवर्थ. मी स्वतःही मोल्सवर्थच लिहिते, दुसरं काय लिहिणार?

विरूपाक्षांसाठी आम्ही तळटीप मागितली. लेखक-वर्ष पद्धतीत तळटीपा शक्यतो नकोत, असं संपादकांचं उत्तर आलं. आभारांत उल्लेख करावा. प्राध्यापकाने कळवलं की आभार माझ्याकडून असतात आणि या गृहस्थांनी मला काही मदत केलेली नाही, त्यांनी पुस्तकाला केली आहे. हे वाक्य त्याचं, माझं नाही. पण मी ते माझ्या वहीत उतरवून ठेवलंय. तळटीप मिळाली. चार ओळींची, क्रमांक सात.

विरूपाक्षांनी मराठीतून कन्नडमध्येही अनुवाद केले आहेत, आणि निबंधात त्यांतल्या एकाचा उल्लेख होता. त्यामुळे यादीत आता दोन कुलकर्णी झाले, आणि एकाच आडनावाची दोन माणसं असली की मजकुरातही आद्याक्षर लावायचं असा नियम आहे. मी एकेका कंसात जाऊन ‘यू.’ आणि ‘व्ही.’ लावत बसले. सॉफ्टवेअरला हे आपोआप येतं, पण या फाइलमध्ये आम्ही इतकं काही हाताने हलवलं होतं की त्याच्यावर सोपवायची माझी तयारी नव्हती. एकोणतीस ठिकाणी ‘यू.’, दोन ठिकाणी ‘व्ही.’ प्राध्यापकाचं स्वतःचं नाव पहिल्या पानावर, दोन आद्याक्षरांसकट, सलग. त्याखाली सोळा आकडे.